मुंबई ते न्यूअर्क: अंतर तेवढंच, मग जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा कसे?

कृष्णाकाठची_काकू

नमस्कार मंडळी. लेकीच्या बाळंतपणासाठी जानेवारीत न्यू जर्सीला निघायचंय, परत यायचं जूनमध्ये. तिकिटं जावयांनी काढून पाठवली आणि तेव्हापासून आमच्या घरात रोज संध्याकाळी परिसंवाद चालू आहे.

आमचे हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. मिरज-मुंबई गाडीला जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच यायला, हे त्यांचं आयुष्यभराचं गणित. तिकिटावर मात्र जाताना १६ तास आणि येताना साडेचौदा. "दीड तास कुठं गेला?" असं ते मलाच विचारतात, जणू मी लपवून ठेवलाय.

दुसरं म्हणजे अंतर. एका साइटवर १२,५४७ किलोमीटर, दुसरीकडे ७,७९८ मैल, तिसरीकडे ६,७७५ मैल. मैलांतच हजाराचा फरक! खरं कुठलं?

तिसरं, मुंबईहून निघायचं रात्री दीडला आणि पोचायचं त्याच तारखेला सकाळी सातला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, अगबाई, साडेपाच तासांत अमेरिका?

आणि शेवटचं, थेट विमानाऐवजी दुबई किंवा लंडनवरून गेलं तर किती लांबचा वळसा पडतो? थेट तिकीट महाग आहे, अजून बदलता येईल.

पिंपळपान

काकांचा प्रश्न रास्त आहे. मला तर उलटंच कोडं पडतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग आपण वर गेल्यावर अमेरिका खालून आपल्याकडे यायला हवी ना? म्हणजे जातानाच कमी वेळ लागायला पाहिजे. जाणकार येईपर्यंत बसतो इथेच.

दादरचा_डिस्पॅचर

काकू, विमानांचे मार्ग आखणं हाच माझा रोजचा धंदा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे. तिन्ही बरोबर आहेत. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. आम्ही विमान क्षेत्रातली मंडळी सागरी मैलच वापरतो, म्हणून ६,७७५. प्रवाशांना पॉइंट देणाऱ्या कंपन्या बहुधा जमिनीवरचे मैल धरतात, म्हणून ७,७९८. हे सगळं पृथ्वीच्या पाठीवरचं दोन विमानतळांमधलं कमीत कमी अंतर. प्रत्यक्षात या मार्गावर विमान इतकं कमी कधीच उडत नाही. १३ हजार किलोमीटरच्या आसपास जातं, आणि रोज वेगळं.

आता दीड तास. तो वाऱ्याने नेला. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमान हवेच्या सापेक्ष ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जातं. वाटेत सरासरी ७० चा वारा समोरून असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग उरतो ८३०. तोच वारा पाठीशी आला की ९७०. अंतर १२,९०० धरा आणि काकांना भागाकार करायला सांगा: एकीकडे साडेपंधरा तास, दुसरीकडे तेरा तास वीस मिनिटं. ७० ही सरासरी झाली. प्रवाहाच्या मधोमध वारा ताशी २००-३०० चाही असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एक ब्रिटिश जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्याला साडेसहा तास लागतात.

हिवाळ्यात हे वारे सर्वांत जोरात असतात आणि तुम्ही नेमक्या जानेवारीत पश्चिमेकडे निघालात. येताना जून आहे, तेव्हा वारा मंदावलेला असतो. जानेवारीतच परत आला असतात तर अजून अर्धापाऊण तास वाचला असता.

पिंपळपान, हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते हो. नाहीतर घरात उडी मारल्यावर भिंत येऊन आदळली असती. पण पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध नाही असंही नाही. विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवाकडे सरकते, ती या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते, आणि त्यातूनच हे वारे तयार होतात. म्हणजे फिरणं आडून आपला इंगा दाखवतं, आणि तोसुद्धा तुमच्या तर्काच्या बरोबर उलट.

मुठभर_शेंगदाणे

उडीचं उदाहरण 😂 आता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. तिथे हा वाद गेल्या दिवाळीपासून तुंबलाय.

ग्लोबवाली_बाई

भूगोल शिकवते, त्यामुळे राहवत नाही.

घरात भिंतीवर जगाचा नकाशा असेल तर मुंबई आणि न्यूअर्क यांच्यावर पट्टी ठेवा. रेघ सौदी अरेबिया, दक्षिण इजिप्त, लिबिया, अल्जीरिया अशी जाऊन अटलांटिकमध्ये उतरेल. सरळ दिसते म्हणून ती जवळची वाटते. पण ती वाट सुमारे १४,२०० किलोमीटरची आहे! आता पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा सिंध, अफगाणिस्तान, अरल समुद्राच्या आसपासचा भाग, मॉस्कोचा परिसर, फिनलंड, नॉर्वे, आइसलंड आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक असा वर चढतो, मग लॅब्राडोरवरून खाली न्यू जर्सीत उतरतो. ही १२,५४७ किलोमीटरची वाट. पट्टीपेक्षा दोरा जवळजवळ १,७०० किलोमीटरने आखूड.

नववीच्या वर्गात हे करून दाखवते तेव्हा पोरं दोरा हातात घेऊन पुन्हा पुन्हा ताणतात. त्यांना वाटतं बाईंनी काहीतरी हातचलाखी केली. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचे प्रदेश अवाढव्य होतात, एवढीच त्यातली गोम. विमानातल्या पडद्यावर वाट कमानीसारखी वाकडी दिसते ती यामुळेच, वैमानिक भरकटलेला नसतो.

काकू, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही दोऱ्यातच आहे. मुंबई-लंडन ७,२१० आणि लंडन-न्यूअर्क ५,५६०, मिळून १२,७७०. थेट अंतरापेक्षा सव्वादोनशे किलोमीटरच जास्त. लंडन जवळपास वाटेवरच आहे. दुबईमार्गे बेरीज साधारण १२,९५० होते, म्हणजे चारशेचा फेर.

कृष्णाकाठची_काकू

बाई, नातवाचा पृथ्वीगोल माळ्यावरून काढला. ह्यांनी शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन स्वतः ताणून बघितला. आता नियंत्रकसाहेबांचं म्हणणं, सव्वादोनशे किलोमीटर म्हणजे पंधरा मिनिटं, मग लंडनवरून स्वस्तात जाऊ या.

दादरचा_डिस्पॅचर

काकांना थांबवा!

किलोमीटर पंधरा मिनिटांचे, पण उतरणं-चढणं पंधरा मिनिटांत होत नाही. मुंबई-लंडन साडेनऊ-दहा तास, पुढे लंडन-न्यूअर्क आठ, मध्ये तीन-चार तासांचा थांबा. एकवीस-बावीस तासांवर हिशोब जातो. दुबईचंही तेच, पहिला टप्पा तीन-सव्वातीन तासांचा आणि दुसरा चौदाच्या पुढे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना मध्ये उतरून पाय मोकळे करायला बरं वाटतं हेही खरं. पण अनोळखी विमानतळावर गेट शोधत जायचं, पुन्हा सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहायचं. लंडनमार्गे काढलंत तर ट्रान्झिट व्हिसाचे नियम आधी बघा. पहिल्यांदाच जाताय आणि वय साठीपुढचं असेल तर माझं मत थेट विमानाला. पैसे जावयाचे आहेत ना? 😄

आणखी एक. तिकिटावरचे १६ तास हे उडण्याचे तास नव्हेत. गेटवरून विमान मागे सरकल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणी विमानं सोडता येत नाहीत. रात्रीच्या गर्दीत रांगेत उभं राहण्यात वेळ जातो. पलीकडे न्यूअर्कवर पण गर्दी. कंपन्या हे सगळं धरून थोडा सैल वेळ छापतात. म्हणूनच कधी कधी उशिरा सुटलेलं विमानही वेळेवर पोचतं आणि लोक टाळ्या वाजवतात.

उंबरठा

पण दोऱ्याची वाट अफगाणिस्तान आणि रशियावरून जातेय. तिथून विमानं जातात का हल्ली?

दादरचा_डिस्पॅचर

नेमकं बोललात. वेळेचा दुसरा चोर इथे आहे.

पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतं. दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना त्याचा फार मोठा फटका. त्यांना आधी खाली गुजरातकडे येऊन अरबी समुद्रावरून जावं लागतं. अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्नाला थांबून इंधन घ्यायची वेळ आली. मुंबईचं त्यातल्या त्यात बरं. आपल्याला समुद्र दारातच, सरळ ओमानकडे निघता येतं, मग आखात, पुढे युरोप. तरी दोऱ्याच्या वाटेपेक्षा ते दक्षिणेकडे झुकलेलं आहे.

रशियाची गंमत वेगळी. २०२२ च्या युद्धानंतर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे एकाच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एकीला पाकिस्तान बंद आणि दुसरीला रशिया बंद. विमानाच्या शेपटीवर कुठल्या देशाचा नोंदणी क्रमांक आहे त्यावर तुमचं अंतर ठरतं. त्यात जून २०२५ सारखं इराण-इराकचं आकाश अचानक बंद झालं की आम्ही डोक्याला हात लावून बसतो.

त्यापुढे अटलांटिक. तिथल्या मुख्य वाटा कायमच्या नसतात. कॅनडाच्या बाजूने गँडर आणि आयर्लंड-ब्रिटनच्या बाजूने शॅनविक, ही दोन नियंत्रण केंद्रं वाऱ्याचा अंदाज बघून त्या रोज नव्याने आखतात. पूर्वेकडे जाणाऱ्यांना वाऱ्याच्या पोटात घालायचं, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना त्याच्यापासून लांब ठेवायचं. त्यामुळे काल विमान ग्रीनलंडवरून गेलं आणि आज आइसलंडच्या खालून, असं होतं. कधी कधी आम्ही मुद्दाम तीनशे किलोमीटर जास्तीची वाट देतो, आणि ते विमान लवकर पोचतं.

बोइंग ७७७ ताशी सात-आठ टन इंधन पितं. भरलेल्या टाकीत सुमारे १४५ टन मावतात. त्यामुळे समोरच्या वाऱ्याचा एक तास वाढला की तेवढं इंधन आधीच भरून न्यावं लागतं, आणि कधी कधी त्यासाठी खालचा माल काढून ठेवावा लागतो. प्रवाशांना याचा पत्ता नसतो.

सहारचा_जुना_माणूस

हे वाचून जुने दिवस आठवले. एअर इंडियाचं मुंबई-लंडन पहिलं उड्डाण ८ जून १९४८ चं, विमान 'मलबार प्रिन्सेस', कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलेलं. न्यूयॉर्कला कंपनी पोचली मे १९६० मध्ये, बोइंग ७०७ घेऊन, लंडनवरून. पुढे जंबो आलं तरी लंडनचा थांबा बरीच वर्षं राहिला. आमच्या काळी "अमेरिकेला चाललाय" म्हणजे वाटेत लंडन आलंच. विमान तिथे उभं राहायचं, साफसफाई व्हायची, नवी मंडळी चढायची. तेव्हा हा प्रवास किती तासांचा, असं कुणी विचारत नसे. किती दिवसांनी पत्र येईल ते विचारत.

मुठभर_शेंगदाणे

सहारकाका, त्या काळावर वेगळा धागा काढा ना. आम्ही सगळे येऊ.

शीतपेटी

पेशाने डॉक्टर. घड्याळाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

काकू, वहिनींना सांगा: भारत न्यू जर्सीच्या हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतो. साडेपाच अधिक साडेदहा, झाले सोळा. येताना जूनमध्ये तिथली घड्याळं एक तास पुढे केलेली असतील, त्यामुळे फरक साडेनऊचाच. दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईत उतरलात तर ते चोवीस तास नव्हेत, साडेचौदा. लेकीला फोन करतानाही हे लक्षात ठेवा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची वेळ बदलते आणि इकडचे आईवडील पुढचा आठवडाभर तिला भलत्या वेळी उठवतात.

गंमत म्हणून मांडून बघा. जानेवारीत मुंबईत सूर्य मावळतो सव्वासहाच्या सुमाराला. न्यूअर्कला तो उगवतो सातवीसच्या आसपास, म्हणजे आपल्या घड्याळाने पुढच्या संध्याकाळी पावणेसहानंतर. तुम्ही सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जवळपास साडेतेवीस तास अंधारात असणार. शरीराला ते कळत नाही. त्याच्या लेखी मध्येच सकाळ व्हायला हवी होती.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन कुणाला असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. पश्चिमेकडे जाताना तो 'दिवस' साडेचौतीस तासांचा होतो. नेहमीच्या घड्याळाने डोस घ्यायचा की तिकडच्या, हे स्वतः ठरवू नका. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्या. इन्शुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. खाली सामानात ते गोठू शकतं आणि गोठलेलं वापरायचं नसतं. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत असू द्या.

बाकी पाणी पीत राहा, दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारा, पोटऱ्या हलवत राहा. इतका वेळ बसून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका खरा असतो. आइल सीट, म्हणजे मधल्या वाटेलगतची, मागा.

कृष्णाकाठची_काकू

साखर ह्यांना आहे, गोळ्या चालू आहेत. उद्याच डॉक्टरांकडे जातो. धन्यवाद ताई, हे जावयांच्याही लक्षात आलं नव्हतं.

पिंपळपान

मी मागच्या खेपेला गेलो तेव्हा जेवणाचं जे काही दिलं होतं ना, त्या कंपनीचं नाव घेत नाही, पण पराठा असा होता की...

व्यवस्थापक

पिंपळपान, विमानातल्या जेवणाच्या तक्रारींचा धागा वेगळा आहे आणि तो आधीच चारशे प्रतिसादांवर गेलाय. तिकडे जा.

रानजाई

आम्ही फ्रीमॉन्टकर, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळचे. न्यूअर्कवाल्यांना एकाच बाजूने जायचं असतं, आमच्याकडे दोन्ही बाजू जवळपास सारख्या. बे एरिया भारताच्या अगदी पलीकडच्या अंगाला. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर, आणि दोरा ताणला तर तो चक्क उत्तरेकडे, सैबेरियाच्याही वर जातो.

या मार्गाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट २०१६ ची. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, जुन्या वाटेपेक्षा १,४०० ने जास्त. वेळ मात्र घटून साडेचौदा तासांवर आला, जवळपास दोन तास वाचले. वारा पाठीशी! आणि परत येताना? तेव्हाही पूर्वेकडेच, अटलांटिकवरून. म्हणजे जाऊन-येऊन विमानाची अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा. काकांना हे नक्की सांगा. त्यांची गाडी जाताना पुण्यावरून आणि येताना नाशिकवरून आली असती तर डेपोत काय झालं असतं?

बेंगळुरूचंही एक. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू पहिलं थेट उड्डाण झालं, सुमारे १४ हजार किलोमीटरचं. कॅप्टन झोया अगरवाल आणि कॉकपिटमध्ये सगळ्या बायका. उत्तर ध्रुवावरून आणलं त्यांनी ते.

उंबरठा

ध्रुवावरून जाताना इंधन गोठत नाही?

दादरचा_डिस्पॅचर

गोठू शकतं. नेहमीचं जेट ए-१ उणे ४७ अंशांना, अमेरिकेत मिळणारं जेट ए उणे ४० ला. टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर वैमानिकाचं लक्ष असतं. फार उतरायला लागलं तर तो खालच्या, कमी थंड थरात येतो किंवा वेग वाढवतो. वेग वाढला की हवेच्या दाबाने पंख थोडे गरम होतात. न्यूअर्कच्या वाटेवर सहसा ही चिंता नाही.

ग्लोबवाली_बाई

एक राहिलं. एवढं ग्रीनलंड-आइसलंड करतोय तर काकूंना ते दिसणार का?

दादरचा_डिस्पॅचर

जानेवारीत जाताना नाही. तिथवर पोचेपर्यंत तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असेल, काळोख. पण आकाश निरभ्र असेल आणि नशीब जोरावर असेल तर उत्तरेकडे ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. पश्चिमेकडे तोंड केलं की उत्तर उजवीकडे. त्यामुळे खिडकी घ्यायची तर उजव्या बाजूची, पंखापासून लांब. केबिनचे दिवे मालवलेले असतात तेव्हा काचेला नाक लावून, डोक्यावर पांघरूण घेऊन बघायचं.

जूनमध्ये येताना उजेड भरपूर असतो. पण तेव्हा वाऱ्याच्या मागे लागून विमान बरंच दक्षिणेकडून, खुल्या समुद्रावरून आणतात. ग्रीनलंड हुकण्याची शक्यता जास्त.

कृष्णाकाठची_काकू

शीतपेटीताई म्हणतात आइल, तुम्ही म्हणता उजवी खिडकी. आत्ता दोघांत बोलणी झाली. ह्यांना खिडकी, मला आइल, मधली सीट रिकामी राहिली तर देव पावला. थेट विमानच ठेवतोय. जावयांना तसा मेसेज गेला, आणि त्याखाली ह्यांनी भागाकाराचा फोटो पण पाठवलाय.